‘माझा स्कोअर ६ आलाय, म्हणजे आता काही खरं नाही का?’

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी २२ वर्षांची, बीड जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. ती लिहिते: “आई-वडील ऊसतोडीला जातात. लहानपणी वडील पिऊन आले की आईला मारायचे, कधी मलाही. दोन हंगाम मी त्यांच्याबरोबर फडावर काढले, बाकीचे गावी आजीजवळ. आता पगार चालू आहे, कुणी मारत नाही. तरी वर्षभरापासून पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, वॉर्डात कुणी मोठ्यानं बोललं की हात थरथरतात. जेवण जात नाही, उगाच रडू येतं. कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. नेटवर बालपणीच्या वाईट अनुभवांची एक चाचणी दिली, १० पैकी ६ आले. हे सगळं त्यामुळेच आहे का? आणि आयुष्यभर असंच राहणार का? भाऊ १५ वर्षांचा, दहावीला आहे. दीड वर्षापूर्वी आजी गेली, तेव्हापासून हंगामात काकांकडे असतो. हल्ली सारखा चिडतो, शाळा बुडवतो. त्याचंही माझ्यासारखंच होणार का?”

वयानं तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच बोलते. मराठवाड्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून २७ वर्षं काम करते आहे. तुझ्यासारख्या घरांतली मुलंमुली रोज समोर बसतात.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते, बाकीचं थोडं थांबू शकतं. ‘झोपावं आणि उठूच नये’ हे तू जेवण आणि रडण्याच्या यादीत घालून पुढे निघून गेलीस. समोर असतीस तर मी तिथंच थांबवून विचारलं असतं: नुसतं वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं? कसं, ते ठरवलं आहेस का? तू नर्स आहेस, औषधं हाताशी असतात, म्हणून हे स्पष्टच विचारते. उत्तर ‘हो’ असेल तर हे सगळं वाचणं बाजूला ठेव, खोलीतल्या मैत्रिणीला उठव आणि आजच्या आज रुग्णालयात जा. तोवर कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ लाव. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लागते आणि मराठीत बोलता येतं. उत्तर ‘नाही, नुसतं वाटतं’ असलं तरी डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. गुळगुळीत करून सांगू नकोस.

आता तो सहाचा आकडा. ही चाचणी आली कुठून ते कळलं की तिचा धाक बराच कमी होईल. अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करत. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन चांगलं उतरतंय अशीच माणसं उपचार अर्ध्यावर सोडून जातात. का, हे विचारता विचारता त्या माणसांची बालपणं बाहेर यायला लागली, लैंगिक अत्याचारासकट. मग त्यांनी रॉबर्ट आंडा या साथरोगतज्ज्ञांबरोबर १९९५ ते १९९७ या काळात तिथल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या १७,००० हून अधिक सभासदांकडून प्रश्नावली भरून घेतली. ही माणसं हलाखीतली नव्हती. बहुतेक शिकलेली, विमा असलेली, मध्यमवर्गीय. तरीही १९९८ साली आलेल्या पहिल्या निबंधात निम्म्याहून अधिक जणांनी किमान एका प्रकारचा वाईट अनुभव नोंदवला होता. आणि ज्यांनी चार किंवा अधिक प्रकार नोंदवले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही न नोंदवणाऱ्यांच्या चार ते बारा पट निघाला.

म्हणजे संबंध खरा आहे, आणि मोठा आहे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीतून २१ देशांतल्या जवळपास ५२,००० प्रौढांच्या मुलाखतींचा हिशोब मांडला गेला. बालपणीचे हे आघात कारणच आहेत असं धरलं, तर ते टळले असते तर मानसिक आजार सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले असते, असा तो हिशोब. एवढा वाटा दुसऱ्या एखाद्या गोष्टीचा क्वचितच निघतो. पण उरलेले ७० टक्केही ध्यानात ठेव. सुखाच्या घरात वाढलेल्या मुलांनाही नैराश्य येतं. त्यांच्या आईबापांना ‘तुम्हीच काहीतरी केलं असणार’ असं ऐकवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तो अन्याय आहे.

हे झालं हजारो माणसांचं. एका माणसाचं काय? २०२१ साली ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या, जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या दोन गटांवर हे तपासलं गेलं. जास्त स्कोअर असलेल्यांच्या गटात आजार जास्त होते, पण अमक्या एका मुलाला आजार होईल की नाही, हे त्याच्या स्कोअरवरून सांगणं जवळजवळ नाणेफेकीइतकंच भरवशाचं होतं. खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये लिहून सांगितलं की हा आकडा एकेका व्यक्तीचं भवितव्य ठरवायला वापरू नका. जिल्ह्यात सरासरी पाऊस किती झाला यावरून तुमच्या विहिरीला पाणी किती हे कळत नाही. बीडच्या मुलीला हे मी वेगळं समजवायला नको.

शिवाय ती प्रश्नावली काय काय विचारतच नाही, ते बघ. वडिलांनी वळ उठेपर्यंत एकदा मारलं आणि दहा वर्षं रोज मारलं, दोन्हींना एकच गुण. दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर निघायचे तेव्हा तू किती वर्षांची होतीस, हे त्यात नाही. फडावरच्या कोपीत म्हणजे झोपडीत थंडीची रात्र कशी जाते, आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षीही जावंच लागतं तेव्हा घरात काय बोललं जातं, मुलगी मोठी झाली, एकटी कशी ठेवायची म्हणून लग्नाची घाई कशी सुरू होते, यातलं काही नाही. आणि आजीसाठी त्यात रकानाच नाही. आजीकडे मी परत येणार आहे.

आधी तुझ्या शरीरात काय चाललंय ते सांगते, कारण ‘सगळं नीट चालू असताना मलाच का’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथं आहे.

रात्री बाहेर पावलं वाजली की आज किती प्यायलेत हे तुला ओळखता यायचं का? माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींना यायचं. चप्पल फरपटत आली तर बडबड करून झोपतील. कडी जोरात वाजली तर आईला मागच्या दारानं बाहेर काढायचं आणि धाकट्याला गोधडीत घ्यायचं. सात-आठ वर्षांची पोर हे शिकते, आणि ते शिकणं त्या घरात अगदी शहाणपणाचं असतं. अमेरिकेत सेथ पोलक यांनी मार खाल्लेल्या मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहऱ्यावरचा राग त्यांना इतर मुलांच्या आधी, कमी खुणांवरून ओळखता आला. तुझा मेंदू बिघडलेला नाही. तो एका घरासाठी फार चांगला तयार झाला आणि आता दुसऱ्या जागी राहतो आहे. वॉर्डात सिस्टरनं मोठ्यानं हाक मारली की मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डलाला ती कडी वाजल्यासारखी वाटते. विचार पोचायच्या आधी अॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, हात कापतात. धोका कुठं दिसत नाही, म्हणून मन धोका शोधायला लागतं: माझ्या हृदयालाच काही झालंय का, नोकरी जाईल का, घरून वाईट फोन येईल का. याला आम्ही चिंताविकार म्हणतो.

याच यंत्रणेतलं दुसरं रसायन कॉर्टिसॉल. लहानपणी फार ताण सोसलेल्यांपैकी काहींमध्ये ते चढं राहतं, काहींमध्ये उलट मंदावलेलं सापडतं. म्हणून ते रक्तात मोजून ‘तुमच्यावर आघात झालाय’ असं सांगणाऱ्या तपासणीवर पगार घालवू नकोस.

मारझोड आणि उणीव या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. २०१४ पासून केट मॅकलॉक्लिन आणि मार्गारेट शेरिडन या संशोधक हेच मांडत आल्या आहेत: धाकात वाढणं भीतीच्या यंत्रणेवर काम करतं, तर बोलणारं, जवळ घेणारं माणूस न मिळणं भाषा, शिकणं आणि आनंद घेण्याची क्षमता यांवर. उणिवेचा सर्वांत स्पष्ट पुरावा रुमानियातून आला. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहानग्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत सांभाळायला दिलं गेलं, बाकीची संस्थेतच राहिली. साडेचार वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर कुटुंबांत गेलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्याचे विकार बरेच कमी होते. कपडे, जेवण, छप्पर संस्थेतही होतंच. कमी होतं ते ‘हे माझं बाळ’ म्हणणारं माणूस.

इथं एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. नेटवर हल्ली आईबापांना ‘विषारी’ म्हणायची पद्धत आली आहे. तुझे आई-वडील सहा महिने नसायचे, कारण नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचा एक जोड, धरला जातो आणि उचल आधीच संपलेली असते. ते नसणं तुला लागलं, खोल लागलं, आणि ते त्यांनी हौसेनं केलेलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. मार मात्र वेगळा. त्याला गरिबी हे कारण असेल, पण ते तुझ्यावर त्याला माफ करण्याचं बंधन घालत नाही. वडिलांचा राग येत असेल तर येऊ दे.

नैराश्य या सगळ्याला कुठं जोडलेलं आहे? लहान मुलाला बाप वाईट आहे हे पेलत नाही, कारण मग जगायचं कुणाच्या आधारावर. त्यापेक्षा ‘मीच वाईट आहे’ हे सोपं जातं. मी दंगा केला नसता तर, मी मुलगा असते तर, मी आईच्या आड आले असते तर. हा हिशोब आठव्या वर्षी मांडलेला असतो आणि बाविसाव्या वर्षीही तोच चालतो. कामात चूक झाली, ‘माझंच’. मैत्रिणीनं फोन उचलला नाही, ‘माझंच’. त्यात अशा बालपणानंतर मन थोड्या ताणालाही लवकर वाकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. इतरांना जे वाईट आठवडा म्हणून निभतं, त्यानं यांचा महिना जातो.

आणि आत्ताच का? अमेरिकेतल्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मानसिक आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले दिसतात. तुमच्या दोघांचं वयच ते आहे. माझा स्वतःचा अनुभव असाही आहे की घरात आग लागलेली असताना मुली रडत नाहीत. त्या बारावी काढतात, नर्सिंगला नंबर लावतात, पहिल्या पगारातून आईला साडी घेतात. बाहेर सुरक्षित जागी पोचल्यावर मग अंग टाकतात.

माझ्या हातून पूर्वी झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी झोप, भूक, किती दिवसांपासून, एवढं विचारून गोळ्या लिहून देत असे. बाहेर ऐंशी माणसं बसलेली असायची. एक मुलगी तीनदा बरी होऊन तीनदा परत आली. चौथ्या खेपेला मी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ ती कितीतरी वेळ बोलत होती. तोपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. नंतर, २०१२ साली, अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं की बालपणी छळ सोसलेल्यांचं नैराश्य अधिक वेळा उलटतं आणि नेहमीच्या उपचारांना कमी दाद देतं. म्हणून तुझा इतिहास डॉक्टरांना कळणं हे उपचाराचं काम आहे, गाऱ्हाणं नाही. पहिल्याच भेटीत सगळं सांगायची गरज नाही. ‘लहानपणी घरात मारहाण होती, त्याबद्दल हळूहळू बोलेन’ एवढं एक वाक्य पुरतं.

विस्मरणाबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून थोडं त्यावर. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की लहानपणी ज्यांच्यावरचा अत्याचार त्याच वेळी नोंदला गेला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तो सांगितलाच नाही. पुढच्या वर्षी आंद्रेया दानेसे आणि कॅथी विडम यांनी कोर्टात नोंद झालेल्या मुलांचा मोठेपणीचा अभ्यास मांडला. आजाराशी अधिक घट्ट नातं निघालं ते माणसाच्या स्वतःच्या सांगण्याचं, त्याच्या मनात ते कसं उरलं आहे त्याचं. निव्वळ कोर्टाच्या नोंदीचं नातं त्यामानानं फारच क्षीण होतं. याचा अर्थ ‘सगळं तुझ्या मनाचे खेळ’ असा कुणी लावला तर त्याचं ऐकू नकोस. मी त्यातून आशेची गोष्ट घेते: जे घडलं ते बदलता येत नाही, पण ते मनात कसं राहतं हे उपचारानं बदलतं, आणि धोक्याचा बराचसा भाग तिथंच आहे. मात्र दडलेल्या आठवणी संमोहनानं खणून काढतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नकोस. जे आठवतं तेवढं पुरेसं आहे.

आता आजी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आजी गेली हे तू भाऊ कुठं राहतो हे सांगण्यापुरतं लिहिलं आहेस. स्वतःबद्दलच्या भागात ते नाहीच. पण तारखा लावून बघ: आजी गेली दीड वर्षापूर्वी, तुझी झोप उडाली वर्षापूर्वी. मला वाटतं, तू सगळा दोष लांबच्या बालपणाला देते आहेस आणि जवळचं दुःख तसंच राहिलं आहे. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा आजारपण अशा घरांतलं सुमारे दर तिसरं मूल चांगलं, मायाळू, आपल्या पायावर उभं असं मोठं झालं. त्या मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली: आईबाप नसले तरी घट्ट धरून ठेवणारं निदान एक मोठं माणूस. आजी-आजोबा, मावशी, एखादी शिक्षिका. जवळचंच उदाहरण हवं असेल तर गोव्यातल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तिथं मारहाण, शिवीगाळ सोसलेल्यांमध्ये मानसिक विकार जास्त होते आणि अडचणीत कुटुंबाचा आधार आहे असं सांगणाऱ्यांमध्ये कमी.

तुझं ते माणूस आजी होती. ती गेली तेव्हा तुला किती दिवस रजा मिळाली? दहाव्याला पोचलीस का? रडलीस का, की आईला सावरण्यात आणि भावाची सोय लावण्यात दिवस गेले? याची उत्तरं मला नकोत. पण उपचार करणाऱ्यांपुढे सहाच्या आकड्याआधी हे ठेव.

उपचाराचं सांगते. पुण्यात आहेस, कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून जाता येतं. तू सज्ञान आहेस, घरच्यांची परवानगी लागत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयता हा तुझा हक्क आहे. स्वतःच्या रुग्णालयात दाखवायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा, पण जा. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि धडधड, थकवा त्यानंही वाढतो.

मग बोलून करायचे उपचार. चिंता आणि नैराश्य दोन्हींवर सर्वाधिक पुरावा असलेली पद्धत म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी. ती करणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे ना, एवढं विचार. जुने प्रसंग डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे राहत असतील, त्यांची स्वप्नं पडत असतील, तर आघातावर केंद्रित अशी वेगळी पद्धत लागते. तेही सांग. थेरपी सुरू होईपर्यंत स्वतः करता येण्याजोगी एक गोष्ट आहे: वाट्टेल तसं वाटत असलं तरी दिवसातलं एक काम ठरल्या वेळी करायचं, बरं वाटण्याची वाट न पाहता. डबा मैत्रिणींबरोबर खायचा, संध्याकाळी वीस मिनिटं चालायचं, इतकंच. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गोव्यात ‘संगथ’ या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मुख्यतः हेच करायला लावलं आणि त्याचा गुण आला, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

गोळ्यांना घाबरू नकोस. नैराश्यावरच्या हल्लीच्या गोळ्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ, बेचैनी वाढू शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून दोन आठवड्यांत परत दाखवायचं. बरं वाटल्यावर किमान सहा महिने, तुझ्या बाबतीत बहुधा अधिक, गोळी चालू ठेवावी लागेल. झोपेच्या गोळ्या मात्र वॉर्डातून स्वतःच्या मनानं घेऊ नकोस. त्यांची सवय लागते.

‘आयुष्यभर असंच राहणार का?’ नाही. पुन्हा कधी त्रास उलटू शकतो, ते मी लपवणार नाही. पण तेव्हा तुला खुणा ओळखीच्या असतील आणि कुठं जायचं हे ठाऊक असेल.

भावाची मला तुझ्याहून अधिक काळजी वाटते, कारण त्याच्याबद्दल कुणी पत्र लिहिलेलं नाही, तू सोडून. पंधराच्या वयात, मुलांमध्ये तर जास्तच, नैराश्य रडक्या तोंडानं येत नाही. ते चिडचिड होऊन येतं, शाळा बुडवणं होऊन येतं, ‘माजलाय’ हे लेबल लागून येतं. मग मार पडतो. आपल्याकडे मार हा वळण लावण्यातच मोडतो. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं, तेव्हा दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे. काकांकडे त्याला कसं वागवतात, हे तुला बघून यावं लागेल. फोनवर ते कळणार नाही. तिथं मारहाण किंवा आणखी काही वाईट होत असल्याचा संशय आला तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. काकांचा मान राखायच्या नादात थांबू नकोस.

गेलीस की एक काम न चुकता कर. घरात कीटकनाशक, तणनाशक कुठं ठेवतात ते बघ आणि कुलपात ठेवायला लाव, किल्ली मोठ्या माणसाकडे. गावाकडच्या मुलांचे जीव क्षणाच्या रागात, हाताशी डबा होता म्हणून गेलेले मी फार पाहिले आहेत. आणि त्याला सरळ विचार, ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात येतं हा समज चुकीचा आहे. विचारल्यानं मुलं मोकळी होतात. ‘हो’ म्हणाला तर ओरडू नकोस, शपथा घालू नकोस, त्याला एकटा सोडू नकोस आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथं ने. तो अठराच्या आत आहे, आई किंवा वडिलांची संमती लागेल. ते कारखान्यावर असतील तर त्यांना फोन लावून दे.

वडिलांची दारू सुटली आणि आईला मारणं थांबलं तर तो भावावरचाही उपचार आहे. आयांचं नैराश्य औषधानं बरं झालं तसतशी त्यांच्या मुलांची लक्षणंही कमी झाली, हे २००६ साली अमेरिकेतल्या दीडशेच्या आसपास मायलेकरांच्या जोड्यांवर दिसलं आहे. हंगाम संपून वडील गावी परतले की पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी कर. पण वडिलांना सुधारणं हे तुझं काम नाही. चौकशी करून पत्ता देणं, एवढंच तुझ्याकडे ठेव.

भावाच्या शाळेत एखादे सर किंवा बाई त्याला आवडत असतील. नाव काढून घे आणि त्यांना फोन कर. पोरगा का बिघडला हे शाळेला माहीत नसतं. घरात मयत झाली होती एवढंही कित्येकदा माहीत नसतं. दहावीचं एक वर्ष मागं पडलं तर पडू दे, पुरवणी परीक्षा असते.

आणि ठरलेल्या वेळी त्याला फोन कर, रोज जमत नसेल तर एकाआड एक दिवस, पण वेळ चुकवू नकोस. पहिल्यांदा करशील तेव्हा अभ्यासाचं काढू नकोस, शाळेचंही नको. ती त्याचीही आजी होती, आणि गेली तेव्हा तो तिच्याजवळ घरात होता. तिचं काहीतरी काढ. ती भाकरी थापताना काय गुणगुणायची, त्याला कुठल्या नावानं हाक मारायची. तो गप्प बसला तरी फोन ठेवू नकोस.